स्थिर लहर आरोपी कशी झाली

नवी अँटेना वर चढवली, केबल खाली आणून ट्रान्समीटरला जोडली की आजचा हौशी रेडिओचालक सगळ्यात आधी एसडब्ल्यूआर मीटरकडे बघतो. आकडा दीडच्या आत असेल तर अँटेना बरी, तीनच्या वर गेला तर काहीतरी बिघडले, असा हिशोब. मग तार थोडी कापायची, थोडी वाढवायची, केबल बदलायची, बॅलन (केबल आणि अँटेना यांच्यामधला संतुलक) काढून दुसरा बसवायचा, आणि काटा खाली आला की काम संपले असे मानायचे. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती रेडिओइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. त्याआधीची जवळजवळ साठ वर्षे रेडिओची माणसे स्थिर लहरींबरोबर सुखाने नांदली, त्यांच्याकडून कामे करून घेतली आणि त्या दिसल्या म्हणून कोणी अँटेना उतरवली नाही. स्थिर लहर हा दोष आहे हा निवाडा भौतिकशास्त्राने दिलेला नाही, असे माझे म्हणणे आहे. १९४५ ते १९६० या काळात हौशी लोकांच्या हाती आलेल्या केबलने, ट्रान्समीटरने आणि स्वस्त मीटरने तो दिला. तो कसा दिला गेला हे ठाऊक नसले, तर मॅचिंगमधला, म्हणजे अँटेना आणि ट्रान्समीटर जुळवण्यातला, बिघाड आपण भलत्याच जागी शोधत राहतो.

आधी गोष्ट नीट मांडू. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसरे हलवले की गेलेली लहर भिंतीवरून परत येते, आणि जाणारी-येणारी मिळून दोरीवर काही जागा जोरात थरथरतात, काही जागा गप्प राहतात. अँटेनाचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) आणि केबलचा स्वतःचा इम्पीडन्स वेगळे असले की केबलवर असेच घडते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान व्होल्टेजचे गुणोत्तर म्हणजे एसडब्ल्यूआर. दोन्ही इम्पीडन्स जुळले तर ते एक असते. हे परावर्तन रेडिओच्या जन्मापासून माहीत आहे. किंबहुना रेडिओ लहरी आहेत हे सिद्धच त्याच्या आधारे झाले. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ मध्ये कार्ल्सरूहे येथे भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला, त्यावरून लहरी परत फिरवल्या आणि खोलीत उभ्या राहिलेल्या स्थिर लहरींची शिखरे व दऱ्या शोधून तरंगलांबी काढली. ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट लेखर यांनी लगेचच हीच युक्ती दोन समांतर तारांवर आणली. पुढे १९२० आणि १९३० च्या दशकांत पाच मीटर किंवा त्याहून आखूड लहरींवर प्रयोग करणारे हौशी लोक आपली तरंगलांबी लेखर तारांवरच मोजत. दोन शिखरांमधले अंतर फुटपट्टीने मोजायचे, त्याची दुप्पट करायची, झाले. त्यांच्या लेखी स्थिर लहर हे मोजण्याचे साधन होते.

ठिणगीच्या ट्रान्समीटरच्या काळात अँटेनापर्यंत ऊर्जा नेणारा वेगळा फीडर असा नव्हताच. छपरावरून येणारी तार थेट खोलीत शिरे, तिथून वेटोळ्यातून जमिनीत जाई. या वाटेत एक तापतारेचा अॅमीटर बसवलेला असे आणि मॅचिंग म्हणजे त्याचा काटा जास्तीत जास्त वर नेणे. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलले. मोठ्या लहरींवरची हुकमी जागा गेली आणि उरलेल्या जागेत वॉट वॉट वाचवणे भाग पडले. म्हणून त्या काळच्या लिखाणात सगळा भर जमिनीवर दिसतो. पाण्याचा नळ पुरेसा आहे का, जमिनीपासून वर ताणलेल्या तारांचे जाळे जास्त उपयोगी पडेल का, वेटोळ्याचे तांबे जाड हवे का. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधल्या आर्ड्रॉसन येथे बसून कनेक्टिकटच्या ग्रीनिच गावातले १बीसीजी हे हौशी केंद्र ऐकले, तेव्हा त्या केंद्राच्या यशात अँटेनाखाली पसरलेल्या तारांच्या जाळ्याचा मोठा वाटा होता. अर्थात अॅमीटरही फसवू शकत असे. तारेतला प्रवाह मोठा आहे म्हणजे लहर बाहेर जाते आहेच असे नाही. रोध कमी असला तरी प्रवाह वाढतो, आणि तो रोध किरणोत्सर्जनाचा की मातीचा हे काटा सांगत नाही. तरीही अॅमीटर निदान अँटेनाच्या मुळाशी बसलेला होता. माणूस जे बघत होता ते अँटेनात घडत होते.

नोव्हेंबर १९२३ मध्ये कनेक्टिकटचे फ्रेड श्नेल आणि नीस येथील लेओं देलॉय यांनी साधारण ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले, आणि हौशी जग आखूड लहरींकडे वळले. चित्र इथे बदलते. ४० किंवा २० मीटरवर अर्ध्या तरंगलांबीची तार अंगणात मावते, आणि ती घरापासून दूर, उंचावर टांगणेच शहाणपणाचे. मग तिच्यापर्यंत ऊर्जा न्यायला फीडर हवा. सर्वांत लोकप्रिय झाला तो झेप फीडर. मूळ कल्पना जर्मन हवाई जहाजांची: हान्स बेगेरोव यांनी १९०९ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. झेपेलिनच्या पोटाखाली वायूजवळ ठिणगी उडू नये म्हणून तार लांब सोडायची आणि तिच्या टोकाला दोन समांतर तारांनी ऊर्जा पोहोचवायची. हौशी लोकांनी हे जमिनीवर आणले. अर्ध्या लहरीच्या तारेच्या टोकाशी इम्पीडन्स हजारो ओहम असतो आणि दोन उघड्या तारांच्या फीडरचा जेमतेम सहाशे, त्यामुळे झेप फीडरवरचे स्थिर लहरींचे गुणोत्तर आजच्या मीटरवर मोजले तर काटा पार उजवीकडे जाऊन टेकला असता. आणि तरीही तो फीडर उत्तम चालत असे. कारण साधे आहे. दोन तारांमध्ये फक्त हवा. मध्ये मध्ये लाकडाच्या किंवा चिनी मातीच्या पट्ट्या. घट इतकी कमी की परतलेली लहर पुन्हा वर जाऊन पुन्हा परतली तरी वाटेत गमावण्यासारखे फार काही नव्हते. खोलीतल्या टोकाला वेटोळे आणि दोन कपॅसिटर लावून फीडरसकट सगळी यंत्रणा सुरात आणली जाई. भार घेत नसेल तर कपॅसिटर मालिकेतून समांतर जोडणीत घ्यायचे, फीडरची लांबी काही फूट बदलायची. दोन्ही तारांतल्या अॅमीटरांचे आकडे सारखे नसतील तर असंतुलन शोधायचे. छोटा दिवा फीडरवरून सरकवून प्रवाह कुठे जास्त आहे ते बघायचे. बिघाड शोधण्याची ती संपूर्ण शिस्त होती, आणि तिच्यात स्थिर लहर हा गुन्हा कुठेच नव्हता. फेब्रुवारी १९३४ च्या क्यूएसटी या हौशी रेडिओच्या मासिकात आर्थर कॉलिन्स यांनी मांडलेले पाय-नेटवर्क याच परंपरेतले: समोर कसलीही तार असो, तिला ट्रान्समीटरशी जुळवून घेणारी जोडणी.

इथे एक आक्षेप आधीच घेता येईल, आणि तो वजनदार आहे. फीडरवर स्थिर लहर नसावी ही इच्छा युद्धाच्या आधीची आहेच. ओहायोचे लॉरेन विंडम यांनी सप्टेंबर १९२९ च्या क्यूएसटीमध्ये एकाच तारेच्या फीडरची जी अँटेना लोकप्रिय केली, तिच्यात जोडबिंदू अशा जागी शोधायचा होता की फीडरवर प्रवाह सगळीकडे सारखा राहील. म्हणजे आजच्या भाषेत, एसडब्ल्यूआर एक. हे खरे आहे. पण ही काळजी का घेतली जात होती ते पाहिले पाहिजे. एकट्या तारेला परतीच्या प्रवाहाचा शेजार नसतो. तिच्यावर स्थिर लहरी उभ्या राहिल्या तर फीडर स्वतःच अँटेना बनून घरात आणि शेजारी ऊर्जा फेकू लागतो. विंडम यांच्यापुढचा प्रश्न फीडरच्या किरणोत्सर्जनाचा होता. दोन तारांच्या फीडरवर तो नव्हता, म्हणून तिथे कोणी फिकीर केली नाही. एकाच मासिकाच्या वाचकांनी एकाच काळात दोन्ही पद्धती वापरल्या आणि कुठल्या फीडरला काय लागते हे वेगळे ठेवले. हा विवेक पुढच्या पिढीत पातळ झाला.

तो पातळ होण्याची सुरुवात युद्धात झाली. कोअॅक्स केबलची कल्पना जुनी: ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्येच तशा तारेचे पेटंट घेतले होते, आणि रुंद पट्ट्यात संदेश वाहणारी केबल एटीअँडटीच्या लॉइड एस्पेनशीड व हर्मन अॅफेल यांनी १९२९ च्या सुमारास रचली. पण लवचिक, स्वस्त कोअॅक्स शक्य झाली ती पॉलिथिनमुळे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९३३ मध्ये ते अपघाताने सापडले आणि रडारच्या केबलीत गेले. रडारच्या अभियंत्यांना एसडब्ल्यूआरची खरोखर गरज होती. तिथे परतलेली लहर मॅग्नेट्रॉनची फ्रीक्वेन्सीच ओढून हलवते, आणि मायक्रोवेव्हवर केबलमधली घटही मोठी असते. बेल प्रयोगशाळेचे फिलिप स्मिथ यांनी जानेवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला इम्पीडन्सचा वर्तुळाकार तक्ता या मंडळींचे रोजचे साधन झाला, आणि फट असलेल्या नळीत सरकणारा शोधक घेऊन गुणोत्तर मोजणे ही रोजची कृती. १९४५ नंतर या अभियंत्यांपैकी कितीतरी जण आपापल्या हौशी केंद्रांवर परतले. त्यांच्याबरोबर लष्कराच्या जादा मालातली ५२ ओहमची आरजी-८ केबल आली, आणि सेंटिमीटरच्या लहरींवर शिकलेली काळजी ८० आणि ४० मीटरच्या तारांवर येऊन बसली.

दुसरा धक्का टेलिव्हिजनचा. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले आणि शेजारच्या हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओचालकाचे, हार्मोनिक त्यांच्या पडद्यावर पट्टे काढू लागले. हौशी रेडिओसाठी हे जगण्या-मरण्याचे संकट होते. शेजाऱ्यांच्या तक्रारींनी परवाने धोक्यात आले. उपाय म्हणून ट्रान्समीटर पूर्ण धातूच्या पेटीत गेला, त्याच्या तोंडाशी हार्मोनिक अडवणारा लो-पास फिल्टर आला, आणि फिल्टर ठरावीक ५० किंवा ७५ ओहमलाच नीट काम करत असल्याने पेटीतून बाहेर पडणारी वाट कोअॅक्सची ठरली. खोलीतला फीडर जुळवणारा उघडा कपलर, त्याची वेटोळी, दोन अॅमीटर हे सगळे हळूहळू मेजावरून गेले. कॉलिन्स यांचे पाय-नेटवर्क आता ट्रान्समीटरच्या आत गेले आणि त्याचा आवाका ५० ओहमच्या आसपास आटोपशीर केला गेला. ५० ही संख्याही निसर्गाने दिलेली नाही. हवेच्या कोअॅक्समध्ये सर्वाधिक शक्ती सुमारे ३० ओहमला वाहून नेता येते आणि सर्वांत कमी घट सुमारे ७७ ओहमला होते. त्यांच्या मधली ती तडजोड आहे. मोकळ्या अवकाशातल्या अर्ध्या लहरीच्या डायपोलचा रोध ७३ ओहमच्या जवळ असतो, जमिनीवरच्या पाव लहरीच्या उभ्या अँटेनाचा ३६ च्या जवळ. चांगल्या, साध्या अँटेनांपैकी नेमकी ५० ओहमची जवळजवळ कुठलीच नाही.

मग मीटर आले. एप्रिल १९४७ च्या क्यूएसटीत जोन्स आणि सॉन्थायमर यांचा मायक्रोमॅच आला. ऑक्टोबर १९५६ मध्ये त्याच मासिकाचे लुइस मॅकॉय यांनी मोनिमॅच दिला. पत्र्याचा डबा, दोन डायोड, एक छोटा मीटर आणि केबलच्या समांतर तारेचा तुकडा एवढ्यात तो बने. कुठल्याही नवख्याला घरी जमेल असा. १९५९ मध्ये वॉरन ब्रूनी यांनी दिशादर्शक वॉटमीटरचे अंतरंग उलगडले आणि पुढच्या बहुतेक मीटरांचा साचा तयार झाला. मॅकॉय यांच्यासारख्यांनी हौशी रेडिओवर जे उपकार केले ते मी कमी लेखणार नाही. त्याआधी नवशिक्याला केबलवर काय चालले आहे याचा पत्ताच नसे. आता काही रुपड्यांच्या सामानात त्याला डोळे मिळाले. पण हे डोळे कुठे बसले होते? केबलच्या खालच्या टोकाला, खोलीत. अँटेनापासून सर्वांत दूर. आणि ते एकच आकडा दाखवत. इम्पीडन्सचे दोन भाग असतात, रोध आणि रिअॅक्टन्स. गुणोत्तर तीन आले तर रोध १५० आहे की १७, तार लांब आहे की आखूड, यातले काहीच त्या आकड्यातून कळत नाही.

याहून गंभीर बाब अशी की तो आकडा चांगला येण्याचे सर्वांत सोपे कारण वाईट असू शकते. पाव लहरीची उभी अँटेना घ्या. तिचा किरणोत्सर्जनाचा रोध ३६ ओहम. खाली जमिनीत दोन-चार तारा कशाबशा पुरल्या आणि मातीतली घट १४ ओहम निघाली, तर मीटरला ५० ओहम दिसतात आणि काटा नेमका एकावर उभा राहतो. शंभरातले २८ वॉट मात्र माती तापवतात. आता माणसाने कष्ट करून भरपूर तारा पुरल्या, घट दोन ओहमवर आणली. अँटेना आता ९५ टक्के ऊर्जा बाहेर फेकते, आणि मीटर म्हणतो आकडा १.३ झाला, म्हणजे बिघडला. ८० मीटरवर आखूड, वेटोळे लावलेली उभी अँटेना असेल तर फसगत आणखी मोठी: किरणोत्सर्जनाचे १० ओहम आणि घटीचे ४० ओहम मिळून पुन्हा पन्नास, काटा पुन्हा एकावर, आणि बाहेर जाते ती एक पंचमांश शक्ती. आरसीएच्या जॉर्ज ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन यांनी १९३७ मध्येच जमिनीतल्या तारांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि प्रसारण केंद्रांनी तो प्रमाण मानला. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. पण हौशी माणसाच्या मेजावरचा मीटर त्याला उलटे बक्षीस देत होता, आणि रोज दिसणारे बक्षीस ग्रंथातल्या ज्ञानावर मात करते.

केबलचेही तसेच. १४४ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये सुमारे ६ डेसिबल घट होते, म्हणजे वर पोहोचते ती पाव शक्ती. त्या केबलचे वरचे टोक अँटेनापासून तोडून मोकळे सोडले तरी परतणारी लहर येता-जाता मिळून १२ डेसिबल क्षीण होते आणि खोलीतला मीटर सुमारे १.७ दाखवतो. अँटेना नाहीच, आणि आकडा तरी चालण्यासारखा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे रोजच्या व्यवहाराचे आहे. पीएल-२५९ हा सर्रास वापरला जाणारा कनेक्टर जलरोधक नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर त्यावर नीट आच्छादन केले नाही तर पाणी केबलच्या जाळीतून झिरपत जाते, तांबे काळे पडते, घट वाढते, आणि जूनपेक्षा ऑक्टोबरमध्ये आकडा सुधारलेला दिसू शकतो. अशा वेळी समाधान वाटण्याऐवजी शंका यायला हवी.

या सगळ्याविरुद्ध सर्वांत नेटाने लिहिले ते वॉल्टर मॅक्सवेल यांनी. आरसीएमध्ये टायरॉस उपग्रहाच्या अँटेना यंत्रणेवर काम केलेल्या या अभियंत्याने एप्रिल १९७३ पासून क्यूएसटीत परावर्तनावर लेखमाला चालवली आणि नंतर तिचे पुस्तक केले. त्यांचा मुद्दा असा: परतलेली शक्ती म्हणजे गेलेली शक्ती नव्हे. खाली जुळवणी नीट असेल तर ती तिथून पुन्हा वर पाठवली जाते. गमावते ते फक्त केबलच्या घटीपुरते. आकडे लावून पाहा. ७ मेगाहर्ट्झवर ३० मीटर चांगल्या केबलची घट अर्धा डेसिबल धरली, आणि एसडब्ल्यूआर तीन असला, तर ज्यादा घट सुमारे ०.३ डेसिबल होते. मीटर २५ टक्के परावर्तन दाखवतो, पण त्यापायी जास्तीचे हरवतात ते शंभरात सहा-सात. दूर ऐकणाऱ्याच्या रिसीव्हरवर एक एस-युनिट ६ डेसिबलचे मानतात. हा फरक त्याचा विसावा भाग. या फरकासाठी माणसे पावसात शिडीवर चढतात. मॅक्सवेल यांच्या सर्वच विधानांवर एकमत झाले नाही. ट्रान्समीटर स्वतः जुळलेला उगम मानावा का यावर ब्रूनी यांनी १९९१ मध्ये त्यांना छेद दिला आणि वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. पण केबलमधल्या घटीचे गणित त्या वादावर अवलंबून नाही. ते दोघांनाही मान्य होते.

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळे व्हॉल्व्हच्या काळात ठीक होते. आजचा ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर एसडब्ल्यूआर दोनच्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतो, मग आकड्याकडे दुर्लक्ष कसे करायचे? करू नयेच. १९७० च्या दशकात ट्रान्झिस्टर आले तसे पाय-नेटवर्क गेले, रुंद पट्ट्याचे ट्रान्सफॉर्मर आले, आणि यंत्राची सहनशक्ती कमी झाली. पण ही गरज ट्रान्समीटरची आहे, आणि ती भागवायची जागा ट्रान्समीटरजवळ आहे. बाजारानेही तेच ओळखले: १९८२ च्या केनवुड टीएस-९३०एसमध्ये स्वयंचलित अँटेना ट्यूनर आतच बसवता येत होता. हा १९३० च्या दशकातला कपलरच होता, फक्त मोटारींनी फिरणारा. दुसरा आक्षेप व्हीएचएफ-यूएचएफचा. तिथे केबलची घटच मोठी असल्याने अँटेनापाशी जुळवणी हवी हे मी बिनशर्त मानतो; रडारवाल्यांचा नियम तिथे लागू आहे. फार मोठ्या शक्तीवर व्होल्टेजची शिखरे केबल फोडतात, हेही खरे. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आकडा बदलला तर काहीतरी घडले आहे हे त्याच्याइतके लवकर कोणीच सांगत नाही. काल १.८ असलेला आज २.६ झाला तर कुठेतरी तार तुटली, सांधा गंजला किंवा फांदी टेकली आहे. हे मान्यच. मीटरची खरी किंमत यातच आहे. आकड्याचे बदलणे हा पुरावा; आकड्याचे लहान असणे हा पुरावा नव्हे.

बिघाड शोधताना एक खूण मात्र त्या मीटरनेच सांगितली आणि ती बरीच वर्षे दुर्लक्षित राहिली. केबलची लांबी दोन-तीन मीटरने बदलली, किंवा केबलला हात लावला, आणि आकडा हलला, तर त्याचा अर्थ केबलच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतो आहे, म्हणजे केबल स्वतःच अँटेनाचा भाग झाली आहे. कमी घटीच्या, नीट वेगळ्या राखलेल्या केबलवर लांबीने गुणोत्तर फारसे बदलत नाही. विंडम यांची १९२९ ची काळजी इथे पुन्हा उभी राहते. स्वित्झर्लंडच्या ब्राउन बोवेरी कंपनीतले गुस्ताव ग्वानेला यांनी १९४४ मध्ये या बाहेरच्या प्रवाहावर उपाय ठरणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा पाया घातला होता, आणि मॅक्सवेल यांनी १९८३ मध्ये केबलवर फेराइटचे मणी ओवून सोपा चोक-बॅलन दिला. ज्याला चंचल आकड्याचा त्रास आहे त्याने तार कापण्याआधी तो लावून पाहावा.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी एक संबंध फारसा बोलला जात नाही. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत सुरू केलेला भूमिगत काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलत असे. ही फ्रीक्वेन्सी ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आज भारतातले हॅम सकाळ-संध्याकाळ ज्या ४० मीटर पट्ट्यावर भेटतात त्याच्या आत. महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने बंद झाले होते आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले होते. सामानासाठी शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांची मदत होती, आणि शोध लागू नये म्हणून केंद्र एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलत राहिले. २१ मीटरची अर्धी लहर मुंबईच्या प्रत्येक गच्चीवर सारखी ताणता येत नाही. प्रत्येक जागी लोखंड, भिंती, शेजारच्या तारा वेगळ्या. म्हणजे प्रत्येक जागी इम्पीडन्स वेगळा आणि जुळवणी नव्याने. तयार ५० ओहमची केबल आणि एक आकडा दाखवणारा मीटर तेव्हा नव्हतेच. तारेला भार घ्यायला लावण्याचे जुने कसब होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडेपर्यंत ते केंद्र चालले. स्वातंत्र्यानंतरही आयातीवरच्या भारी करामुळे इथले हॅम बराच काळ लष्कराच्या भंगारातल्या सामानातून, ८०७ व्हॉल्व्हमधून ट्रान्समीटर बांधत राहिले. १९८४ मध्ये आयातशुल्क उठल्यावर परदेशी ट्रान्झिस्टरचे सेट आले, आणि त्यांच्याबरोबर एसडब्ल्यूआरची धास्तीही.

गेल्या काही वर्षांत त्या एकाच आकड्याची मक्तेदारी मोडली आहे. त्याआधी नॉइज ब्रिजने रोध आणि रिअॅक्टन्स वेगळे दाखवायला सुरुवात केली होती, पण तो वापरायला कान आणि सबुरी लागे. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी अर्डुइनोवर बेतलेले अँटुइनो हे मापनयंत्र घडवले. जपानी हौशी रचनाकाराच्या आराखड्यावरून निघालेला नॅनोव्हीएनए आता काही हजार रुपयांत मिळतो आणि स्मिथ यांचा १९३९ चा तक्ता तळहातावर काढून दाखवतो. या यंत्रांचा उपयोग मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी एसडब्ल्यूआरची दरी कुठे आहे ते बघण्यापुरताच होतो. वाचकांमध्ये जे परवानाधारक असतील त्यांना माझी विनंती आहे: अँटेना उभारल्या दिवशी, शक्य तर तिच्या मुळाशीच, रोध आणि रिअॅक्टन्स दोन्ही मोजा, तारीख घालून वहीत लिहा, केबलची घट वेगळी मोजून शेजारी लिहा, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. दोन नोंदींतला फरक दोष कुठे आहे ते सांगेल. शिडी त्यानंतर काढा.